वापरलेले गोल्फ आयर्न घेताना आणि विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात किंवा नवी मुंबईत रविवारी सकाळी रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, तासभर उभं राहिलं, की कोणीतरी मोबाइल पुढे करून विचारतंच, "हा सेट एवढ्याला मिळतोय, घेऊ का?" विकणाऱ्याचा प्रश्न याच्या उलट असतो, "केवढ्याला सांगू?" मी गेली बरीच वर्षं स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी आयर्नचे, म्हणजे पोलादी हेडच्या नंबरवार क्लबांचे, सेट घेतले, विकले, आणि दोनदा चांगला फसलोसुद्धा. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत : सेट नवा असताना केवढ्याला घेतला होता, याला भावात काही स्थान नाही. त्यात अजून किती खेळ शिल्लक आहे आणि तो कोणाच्या हाताला बसणार आहे, एवढंच बघायचं.

मी नुकताच शिकायला लागलोय. नवा सेट घेऊ की वापरलेला?

वापरलेला. आयर्नच्या बाबतीत मला याबद्दल तिळमात्र शंका नाही.

ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, पातळ असतो, त्याला आतून तडा गेला तर वरून दिसत नाही. आयर्न म्हणजे मुख्यतः पोलादाचं हेड, एक शाफ्ट म्हणजे दांडा, आणि रबराची ग्रिप. ग्रिप बदलता येते, शाफ्टही बदलता येते, आणि पोलाद सांभाळलं तर वीस वर्षं सहज जातं. शिवाय पहिल्या वर्षात तुमचा स्विंग इतका बदलणार आहे, की आज बसणारी शाफ्ट पुढच्या दिवाळीला बसेलच असं नाही. नवा सेट दुकानाबाहेर पडला की त्याचा भाव उतरतो, आणि तो उतार पहिल्या मालकाने सोसलेला असतो. वापरलेला सेट तुम्ही रास्त भावात घेतलात, तर वर्षभराने थोडाच तोटा सोसून तो पुढे विकता येतो.

याला एक अपवाद. सॅण्ड वेज आणि लॉब वेज, म्हणजे जवळून उंच मारायचे क्लब, फार वापरलेले घेऊ नका. वाळूतून खेळून खेळून त्यांच्या खाचा, म्हणजे ग्रूव्ह, लवकर गुळगुळीत होतात, आणि वेजचं सगळं काम त्या खाचांवरच असतं.

"फुल सेट" म्हणजे नक्की किती आयर्न?

हे विक्रेत्याला आकडे मोजून विचारा. पूर्वी ३ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत ८ आयर्न यायचे. आता बहुतेक सेट ४ किंवा ५ नंबरपासून सुरू होतात, म्हणजे ५ ते पिचिंग वेज असे ६. कधी त्याला गॅप वेज, म्हणजे पिचिंग आणि सॅण्ड वेजच्या मधला क्लब, जोडलेला असतो. बॅगेत नियमाने १४ क्लबच ठेवता येतात, त्यामुळे ३ आणि ४ नंबरचे लांब आयर्न आज बरेच जण वापरत नाहीत, त्यांच्या जागी हायब्रिड, म्हणजे मारायला सोपे जाड हेडचे क्लब, घेतात. ३ नंबर सेटमध्ये आहे म्हणून कोणी दोन-तीन हजार जास्त मागत असेल तर ते देऊ नका. उलट सेटचाच गॅप वेज सोबत असेल तर त्याचे पैसे आनंदाने द्या. का, ते पुढे लॉफ्टच्या, म्हणजे फेसच्या तिरकेपणाच्या, प्रश्नात येईल.

रास्त भाव काढायचा कसा?

आधी तुलना. तेच मॉडेल, तीच पिढी, तीच शाफ्ट, तेवढेच आयर्न असे निदान तीन सौदे शोधा. इथे लोकांची एक मोठी चूक होते. जाहिरातीतला भाव ते बाजारभाव धरतात. जाहिरातीतला भाव ही विकणाऱ्याची इच्छा झाली. सहा महिने तोच फोटो तिथे दिसत असेल, तर त्या भावाला कोणी घेत नाही एवढंच त्यावरून कळतं. सौदा शेवटी केवढ्याला झाला हे हवं. ते कळतं प्रो शॉपमध्ये, रेंजवरच्या कोचकडून, कॅडींकडून (खेळाडूची बॅग वाहणाऱ्यांकडून), आणि गोल्फरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकणाऱ्यालाच नंतर नीट विचारलं तर.

मग वजाबाकी. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा ५ ते पिचिंग वेज अशा ६ आयर्नचे चांगल्या स्थितीतले तीन सेट ४२,०००, ४०,००० आणि ३८,००० रुपयांना गेले. मधला आकडा ४०,०००. तुमच्या समोरच्या सेटच्या ग्रिप कडक झाल्यात. एका ग्रिपचे मजुरीसकट ८०० धरले तर ६ चे ४,८००. लॉफ्ट आणि लाय (जमिनीवर ठेवलेल्या क्लबच्या शाफ्टचा कोन) तपासून सरळ करायला प्रत्येकी ३०० धरले तर १,८००. उरले ३३,४००. हा झाला तुमचा आकडा. तुमच्या गावातले दर वेगळे असतील, ते विचारून घाला, पण हिशेब कागदावर करा आणि तो कागद विक्रेत्यालाही दाखवा. घासाघीस करण्यापेक्षा हिशेब दाखवणं मला कायम जास्त उपयोगी पडलंय. समोरच्यालाही अपमान वाटत नाही.

एखादा आयर्न हरवलेला असेल तर? सहापैकी एक नाही म्हणून एक-षष्ठांश कापून चालत नाही. त्याच मॉडेलचा, त्याच शाफ्टचा सुटा ८ नंबर शोधायला महिने जातात. मी अशा सेटचे निदान एक-तृतीयांश कापतो. हरवलेला पिचिंग वेज असेल तर तेवढं कापत नाही, कारण तिथे दुसरा सुटा वेज बसवता येतो.

आणि "सोबत बॅग फ्री" याची किंमत शून्य धरा. तुम्हाला ती बॅग खरंच हवी असेल तर तिचा भाव वेगळा बोला.

कोणतं मॉडेल कधी स्वस्त होतं?

मोठ्या कंपन्यांचे आयर्न साधारण दोन-दोन वर्षांनी बदलतात. टेलरमेडचा पी७९० पहिल्यांदा २०१७मध्ये आला, मग २०१९, २०२१, २०२३ अशा पिढ्या आल्या. मिझुनोच्या जेपीएक्स मालिकेत तर ९१९, ९२१, ९२३, ९२५ असं नावावरूनच अंतर कळतं. नवी पिढी आली की जुनीचा भाव त्या काही महिन्यांत सगळ्यात जोरात घसरतो, नंतर घसरण मंदावते. म्हणून विकायचं असेल तर नव्या पिढीची बातमी यायच्या आधी विका, आणि घ्यायचं असेल तर ती आल्यावर घ्या. माझ्या मते दोन पिढ्या मागचा सेट सगळ्यात चांगला सौदा असतो. हौशी खेळाडूला दोन पिढ्यांमधला फरक स्कोअरकार्डवर दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक हंगाम आहे, पावसाचा. जून ते सप्टेंबर मुंबई-पुण्यात खेळ मंदावतो, गिऱ्हाईक कमी होतं. जुलैत घ्या, ऑक्टोबर उघडला की विका.

झीज कशी ओळखायची?

ही तपासणी मन लावून करा. फसवणूक झाली नाही तरी चूक इथेच होते.

विक्रेता फोटो पाठवतो तो बहुतेक ४ किंवा ५ नंबरचा, आणि तो आयर्न चकाचक असतो. असणारच, कारण लांब आयर्न कोणी फारसे मारत नाही. तुम्ही ७ नंबर आणि पिचिंग वेज बघायला मागा. रेंजवर चेंडूंच्या बादल्याच्या बादल्या ७ नंबरनेच मारल्या जातात. त्या फेसच्या मधोमध राखाडी, मॅट झालेला ठिपका दिसेल. तो दिसणं वाईट नाही, पण तिथल्या खाचांवरून नख फिरवा. नख अडखळलं तर खाचेत धार आहे. घसरलं तर संपली.

ठिपका कुठे आहे हेही बघा, पण भावासाठी त्याचा उपयोग नाही, मालक कसा खेळायचा हे तेवढं कळतं. अमेरिकी गोल्फर बेन होगनने १९५०च्या यूएस ओपनला मेरियनच्या मैदानावर शेवटच्या होलला १ नंबरच्या आयर्नने मारलेला फटका गोल्फच्या सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्रात आहे. तोच आयर्न त्या स्पर्धेत चोरीला गेला आणि तीसेक वर्षांनी, १९८३मध्ये, पुन्हा समोर आला. त्याच्या फेसवर एकाच जागी छोटासा झिजलेला ठिपका होता. होगनचा चेंडू दर वेळी तिथेच लागायचा. आपल्या सेटवर ठिपके हेडच्या टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे शाफ्टकडच्या बाजूपर्यंत, पसरलेले असतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

मग सोल, म्हणजे खालची बाजू. आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर काँक्रीटवर पातळ मॅट टाकलेली असते. त्यावर मारलेल्या आयर्नच्या सोलवर एका दिशेने लांब ओरखडे येतात, आणि सोलचा क्रोम निघून आतलं पोलाद दिसायला लागतं. गवतावर खेळलेला सेट वेगळा दिसतो. दोन्ही सेट समोर ठेवले तर पाच मिनिटांत डोळा तयार होतो. मॅटवरचा सेट मी भावात जरा खाली धरतो, कारण फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) असेल तर कडक जमिनीवर आपटून त्याची लायही हललेली असू शकते.

बॅगेत एकमेकांवर आपटून हेडवर पडलेले बारीक पोचे फक्त दिसायला वाईट असतात. त्यांनी खेळात फरक पडत नाही. घेणारे असाल तर ते पोचे दाखवून भाव कमी करा, विकणारे असाल तर ते आधीच सांगून टाका.

गंज तपासा, विशेषतः सेट मुंबईचा किंवा कोकणातला असेल तर. हेडवरचा गंज बहुधा वरवरचा असतो. शाफ्टवर फोडासारखा वर आलेला गंज मात्र नको. आणि जिथे हेड आणि शाफ्ट जुळतात तिथलं काळं प्लॅस्टिकचं कडं, फेरुल, वर सरकलेलं दिसलं तर आतला डिंक सुटत आलाय का ते बघा. हेड एका हातात, शाफ्ट दुसऱ्या हातात धरून हळूच पिळा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत महिनोन्महिने पडलेल्या सेटला हा आजार होतो, उष्णतेने हा डिंक, एपॉक्सी, मऊ पडतो.

शेवटी प्रत्येक आयर्न कानाशी धरून हलवा. आत खडखड वाजलं तर विचारा. पुष्कळदा शाफ्टमध्ये सुटलेला डिंकाचा खडा असतो आणि तो निघतो. पण पी७९०सारख्या पोकळ हेडच्या आयर्नमध्ये आवाज हेडमधूनच येत असेल, तर मी तो सेट सोडतो.

फोर्ज्ड चांगला की कास्ट?

"फोर्ज्ड आहे" हा शब्द ऐकून पाच-सात हजार जास्त देऊ नका. फोर्ज्ड म्हणजे मऊ कार्बन स्टीलचा तापलेला तुकडा ठोकून घडवलेला. मिझुनोचे फोर्ज्ड आयर्न हिरोशिमात घडतात आणि त्यांची ख्याती खरी आहे. कास्ट म्हणजे वितळलेलं पोलाद साच्यात ओतून केलेला. पिंग कंपनीचे कार्स्टन सोल्हाइम यांनी कास्टिंगवरच आयर्नची सगळी रचना बदलून टाकली, वजन कडेला नेलं आणि चुकलेला फटकाही सांभाळून घेणारे आयर्न सामान्य खेळाडूच्या हातात दिले.

व्यवहारात फरक दोन. फोर्ज्डची लाय वाकवून हवी तशी करता येते, कडक १७-४ स्टेनलेसच्या कास्ट आयर्नला दोनेक अंशांपलीकडे वाकवायला कारागीर तयार होत नाहीत. आणि फोर्ज्डला पोचे लवकर पडतात. १८ हँडिकॅपच्या (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) वर असाल तर रुंद सोलचा कास्ट सेट घ्या आणि उरलेल्या पैशांत चार धडे घ्या.

शाफ्टचं एवढं महत्त्व का?

कारण स्वस्तात मिळालेल्या सेटच्या तक्रारी निम्म्या तरी शाफ्टच्या असतात. आपल्या बाजारात डायनॅमिक गोल्ड एस३०० शाफ्टचे सेट भरपूर मिळतात. ती स्टिफ, म्हणजे कमी वाकणारी, शाफ्ट आहे आणि जड, सुमारे १३० ग्रॅमची. वेगाने मारणाऱ्याला ती उत्तम. साठीतल्या काकांना किंवा नव्याने शिकणाऱ्याला ती दहाव्या होलनंतर खांद्यात जाणवते, चेंडू खालून आणि उजवीकडे जातो. निप्पॉनची ९५०जीएच साधारण ९५ ग्रॅमची, ग्रॅफाइटच्या कित्येक ६०-७० ग्रॅमच्या.

मी फसलो त्यातली एक वेळ हीच. सुंदर सेट, भाव अगदी कमी, शाफ्ट स्टिफ. "सवय होईल" असं स्वतःला सांगितलं. चार महिन्यांनी शाफ्ट बदलायचा खर्च विचारला तर तो सेटच्या किमतीच्या जवळ जात होता. शेवटी तोटा सोसून विकला. चुकीच्या शाफ्टचा सेट कितीही स्वस्त असला तरी तुमच्यासाठी महागच आहे.

शाफ्टवरचं लेबल सगळ्या आयर्नवर सारखं आहे ना बघा. एखादी मोडून दुसरी बसवलेली असते.

लांबी आणि लाय मी घरी तपासू शकतो का?

हो. जमिनीवर आयर्न खेळताना ठेवतो तसा टेकवून, मागे भिंतीला टेप लावून मोजा. स्टीलच्या शाफ्टचा ७ नंबर साधारण ३७ इंच असतो, आणि प्रत्येक नंबरला अर्धा इंच फरक. सगळे अर्धा इंच लांब असतील तर आधीच्या मालकाने उंचीप्रमाणे वाढवून घेतलेत. एखादाच वेगळा निघाला तर तो बदललेला आहे.

लाय सोलवरून कळते. झिजेची खूण टाचेकडे असेल तर क्लब मालकाला फार उभा होता, टोकाकडे असेल तर फार आडवा. पिंगच्या हेडवर रंगीत ठिपका असतो. काळा म्हणजे प्रमाण लाय, बाकी रंग कमी-जास्त. रंग आवडला म्हणून पिंग घेणारे मी पाहिलेत. आधी स्वतःचा रंग कळून घ्या, मग शोधा.

"या ७ नंबरने १७० यार्ड जातो" असं विक्रेता सांगतो. जास्त पैसे द्यावेत का?

नाही. त्या आयर्नचा लॉफ्ट विचारा. टायटलिस्ट टी१००चा ७ नंबर ३४ अंशांचा आहे. पिंग जी४२५चा ७ नंबर ३० अंशांचा. चार अंश म्हणजे जवळजवळ एका पूर्ण क्लबचा फरक. म्हणजे हेडवर ७ कोरलेलं असलं तरी काम ६ नंबरचं चाललंय.

याने खेळ बिघडत नाही, पण सेटच्या खालच्या टोकाला खड्डा पडतो. पिचिंग वेज ४४ अंशांचा आणि तुमच्याकडचा सॅण्ड वेज ५६चा असेल, तर मधले १२ अंश रिकामे राहिले. १०० यार्डांच्या आसपास मारायला हातात काहीच नाही. तो खड्डा ४९-५० अंशांच्या गॅप वेजने भरावा लागतो आणि त्याचे पैसे तुमच्याच खिशातून जातात. म्हणून मी वर म्हटलं, सेटचा गॅप वेज सोबत असेल तर किंमत द्या.

ग्रिप जुन्या असतील तर सेट सोडू का?

मुळीच नाही. ग्रिप ही सगळ्यात सोपी दुरुस्ती. पैसे कापून घ्या आणि बदला. चकचकीत, कडक, बोटांच्या जागी खोल गेलेल्या ग्रिप हे फक्त एवढंच सांगतात, की सेट खूप खेळला गेलाय.

नकली सेट कसा ओळखावा?

नकली क्लब बाजारात आहेत, आणि ते दिसायला फार हुबेहूब असतात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी त्यांच्याविरुद्ध २००४ पासून एकत्र काम चालवलंय, यावरून प्रश्नाचा आकार कळेल. चालू पिढीचा, पॅकबंद, निम्म्याहून कमी भावात, वर विक्रेत्याकडे असे पाच सेट : एवढं एकत्र आलं की तिथूनच परत फिरा.

प्रत्यक्षात हातात घेतल्यावर मी तीन गोष्टी करतो. एक, लोहचुंबक. बहुतेक चांगल्या आयर्नचं पोलाद चुंबकाला चिकटतं, स्वस्त जस्ताच्या मिश्रधातूचं हेड चिकटत नाही. चिकटलं म्हणजे अस्सल असं मात्र समजू नका. दोन, स्वयंपाकघरातला वजनकाटा. नंबर वाढत जातो तसं हेड साधारण ७ ग्रॅमनी जड होत जातं, शाफ्ट थोडी आखूड होते, त्यामुळे पूर्ण क्लबचं वजन ५ नंबरपासून वेजपर्यंत काही ग्रॅमनी सारखं चढत जायला हवं. नकली सेटमध्ये आकडे मागे-पुढे उड्या मारतात. हाताला नुसतं धरून ते कळत नाही, काट्यावर लगेच दिसतं. तीन, सीरियल नंबर. पिंगच्या प्रत्येक आयर्नच्या मानेवर एकच क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून सेट मुळात कोणत्या मापाचा बनवला होता हे कंपनी सांगू शकते. इतर काही कंपन्या सेटमधल्या एकाच आयर्नवर क्रमांक घालतात, म्हणून सगळ्यांवर नाही एवढ्यावरून घाबरू नका.

खूप जुने आयर्न स्पर्धेत चालतात का?

नेहमीच्या मैत्रीच्या राउंडला कोणी अडवत नाही. १ जानेवारी २०१० पासून बनवलेल्या, २५ अंश आणि त्याहून जास्त लॉफ्टच्या क्लबांच्या खाचांना कडक नियम लागला. त्याआधीचा सेट घेऊन मोठी स्पर्धा खेळणार असाल तर आयोजकांच्या अटी वाचा. २०१०मध्ये अमेरिकी व्यावसायिक खेळाडू फिल मिकेल्सनने जुना पिंग आय २ वेज वापरल्यावर केवढा वाद झाला होता! नियमाने तो चालत होता, कारण १९९०च्या आधीच्या त्या क्लबांना पिंग आणि अमेरिकेतली गोल्फ संघटना यांच्यातल्या जुन्या समझोत्याचं संरक्षण होतं.

अमेरिकेतला भाऊ येतोय. त्याच्याकडून मागवू का?

भाव चांगला मिळतो. तिथे वापरलेल्या क्लबांची मोठी दुकानं आहेत, स्थितीनुसार दर्जा ठरवून विकतात, कॅलवेची तर स्वतःची वापरलेल्या क्लबांची विक्री आहे. तिथला भाव तुमच्या तुलनेसाठीही वापरा, फक्त त्यात आणायचा खर्च धरा. क्लब विमानात हातातल्या सामानात नेता येत नाहीत, चेक-इनलाच द्यावे लागतात, आणि त्या एका बॅगेतच तुमच्या भावाच्या सामानाची निम्मी मर्यादा संपते. कस्टमची त्या वेळची मर्यादा त्याला निघण्याआधी पाहायला सांगा. आणि मुख्य म्हणजे परत करता येत नाही. माप आणि शाफ्ट इथे रेंजवर पक्की करा, मगच त्याला सांगा.

कॅडीकडून सेट घेणं योग्य आहे का?

योग्य आहे, आणि पुष्कळदा सगळ्यात चांगला सेट तिथेच मिळतो. जुना सेट आपल्या कॅडीला देऊन टाकणारे सभासद बरेच असतात. कॅडीदादांना त्या सेटचा इतिहास माहीत असतो, कारण तो त्यांनीच खांद्यावर वाहिलेला असतो. सेट कोणी दिला एवढं विचारा, शक्य असेल तर त्या सभासदांशी एक शब्द बोला. हे संशयाने करायचं नाही, पुढे कोणी चोरीचा आळ घेतला तर दोघांच्याही उपयोगी पडतं.

गरज आहे म्हणून भाव पाडू नका. वर सांगितलेला हिशेब इथेही तसाच लावा. आणि तुमचा सेट कॅडीने गिऱ्हाईक आणून विकून दिला, तर त्याचं कमिशन आधी ठरवा आणि पैसे आले त्याच दिवशी द्या.

विकायला काढायचा आहे. तयारी काय करू?

कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. खाचांतली माती काढा, पुसून कोरडं करा. पॉलिश मारू नका, घेणाऱ्याला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. नव्या ग्रिप घालून विकावं का, असं विचारतात. शक्यतो नको. घेणाऱ्याच्या हाताचं माप वेगळं असतं आणि तुमचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा : सगळे फेस एकत्र, सगळे सोल एकत्र, ७ नंबरचा फेस जवळून, शाफ्टचं लेबल, ग्रिप, आणि सगळ्यात वाईट पोचा. हो, तो आवर्जून. मजकुरात मॉडेल, कोणत्या वर्षी घेतला, कोणते नंबर, शाफ्ट, फ्लेक्स (शाफ्ट किती वाकते), लांबी, लाय, उजव्या की डाव्या हाताचा, बिल आहे की नाही, एवढं लिहा. ज्याला स्टिफ नको तो फोन करणार नाही, तुमचा आणि त्याचा वेळ वाचेल. दोष आधी सांगितलेल्या सेटचा भाव माझ्या अनुभवात कधी पडलेला नाही. भेटायला आल्यावर दोष सापडला की पडतो.

डावखुऱ्यांचा सेट असेल तर धीर धरा. गिऱ्हाईक थोडी, पण ज्याला हवा असतो तो शोधत येतो.

घासाघीस किती करावी?

सांगितलेला भाव आणि तुमचा हिशेब यात दहा टक्क्यांचं अंतर असेल तर बोलून जमतं. चाळीस टक्क्यांचं असेल तर नम्रपणे सोडून द्या. जमलं की इसार द्या, आणि इसार घेतल्यावर दुसऱ्याने दोन हजार जास्त दिले म्हणून फिरू नका. आपलं वर्तुळ लहान आहे, पुढच्या आठवड्यात तोच माणूस तुमच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या खेळात, असेल.

घेण्याआधी रेंजवर एक बादली मारू द्यावी का? द्यावी. जो मारू देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

ऑनलाइन व्यवहारात काय सांभाळू?

पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील" असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे, मग तो स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवो की आणखी कोणी. चुकून झालंच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

कुरियरने पाठवायचा असेल तर प्रत्येक हेड वेगळं गुंडाळा, लांब खोक्यात दोन्ही टोकांना भरपूर कागद कोंबा, आणि बंद करण्याआधी व्हिडिओ काढा. घेणाऱ्यालाही खोकं उघडताना व्हिडिओ काढायला सांगा.

वडिलांचा चाळीस वर्षांपूर्वीचा सेट आहे. त्याचे किती येतील?

बहुधा फारच थोडे, आणि हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. त्या काळचे ब्लेड, म्हणजे बारीक हेडचे आयर्न, आज खेळायला फार थोडे लोक घेतात. जुन्या क्लबला मोठा भाव येतो तो त्याच्या मालकामुळे. टायगर वूड्सच्या २०००-०१मधल्या विजयांचे म्हणून ओळखले जाणारे आयर्न एप्रिल २०२२मध्ये ५० लाख डॉलरहून जास्त किमतीला लिलावात गेले, आणि त्याआधी कित्येक वर्षं ते खरे आहेत की नाहीत यावर वाद चालला होता. तुमच्या वडिलांच्या सेटची किंमत तुमच्या घरातच जास्त आहे. तो विकण्यापेक्षा ग्रिप बदला आणि कधीतरी एक राउंड त्याने खेळा.

विकल्यानंतर तीन आठवड्यांनी घेणाऱ्याचा फोन आला, ८ नंबरचं हेड सुटलं. आता?

कायद्याने तुमची काही जबाबदारी आहे का, हा विचार बाजूला ठेवा. हेड पुन्हा चिकटवायला फार खर्च येत नाही. माझ्या बाबतीत असं झालं तेव्हा मी त्यांना आयर्न घेऊन रेंजवर बोलावलं, कारागिराकडे दिला, पैसे मी भरले. एपॉक्सी सुकायला रात्रभर लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. पुढे त्यांनी आपल्या मुलीसाठी हलका ग्रॅफाइटचा सेट शोधायला मलाच सांगितलं.